पैसे पोराचे, पाय माझा: हायब्रीड गाडीचे चौदा महिने

एकतीस वर्षं एसटीचं स्टिअरिंग धरलं. बीड, लातूर, परभणी, नांदेड, अधूनमधून रातराणी घेऊन पुणे-मुंबई. डिझेलशिवाय दुसरं इंजिन पायाखाली आलं नाही. त्यामुळं २०२४ च्या दसऱ्याला पोरानं हायब्रीड गाडी दारात आणून उभी केली, तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, "हिला चार्जिंगला कुठं लावायची रे?"

"लावायचीच नाही अण्णा. पेट्रोल टाका अन् चालवा."

पोरगा पुण्यात आयटीला. तिथं त्याला गाडी लावायला जागा नाही, अन् इथं अंबाजोगाईहून त्याच्या आईला दर महिन्याला लातूरला डॉक्टरकडं न्यावं लागतं. शिवाय लेक परभणीला दिलेली. म्हणून पैसे त्याचे अन् पाय माझा, असा व्यवहार ठरला. चौदा महिन्यांत २२,००० किलोमीटर झाले. वही ठेवलीय. टाकी फुल केली की आकडा लिहायचा, परत फुल केली की परत आकडा. काचेवर दिसणारा अॅव्हरेज मी धरत नाही, माझ्या वहीपेक्षा तो लिटरमागं एक-दीड किलोमीटर जास्तच सांगतो.

गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मला जाहिरात करायची नाही अन् बदनामीही. दीड लिटरचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, जोडीला इलेक्ट्रिक मोटर, क्लच नाही, हातानं टाकायचे गिअर नाहीत, एवढं पुरे.

शोरूमवाल्यांनी गाडी ताब्यात दिली तो दिवस आठवला की अजून डोकं फिरतं. हार, नारळ, पेढे, फोटो, टाळ्या, यात तास गेला. गाडी समजावून सांगायला दहा मिनिटं. त्यातलं एक वाक्य माझ्या ध्यानात राहिलं, "काका, हे इव्ही बटन दाबून ठेवा, गावात पेट्रोल लागतच नाही." जाडजूड पुस्तक हातात दिलं ते इंग्रजीत. पुढं जे काही शिकलो ते चुका करून अन् रात्री पोराला फोन करून.

ते बटन पहिला आठवडाभर मी मोठ्या हौसेनं दाबलं. गाडी आवाज न करता गल्लीतून निघायची, लोक वळून बघायचे. पण दीड-दोन किलोमीटर झाले की बॅटरी खाली यायची, इंजिन चालू व्हायचं अन् मग बराच वेळ बंदच व्हायचं नाही. मग पोरानं समजावलं. या बॅटरीत वीज मावते सुमारे पाऊण युनिट. मीटरवर आपण ज्याला युनिट म्हणतो त्याच्या पाऊण. हजार वॅटची इस्त्री पाऊण तासात ती संपवेल. पूर्ण इलेक्ट्रिक गाडीत अशी तीस-चाळीस युनिटं असतात. ती गाडी म्हणजे हौद, आपली म्हणजे तांब्या. अन् या तांब्यातली वीज कुठून येते? बाहेरून एक थेंबही नाही. सगळी पेट्रोलचीच. एक तर इंजिन ती बनवतं, नाहीतर ब्रेक लावताना जो वेग वाया गेला असता तो मोटर उलटी फिरून परत गोळा करते. इंजिनकडून वीज करून घ्यायची, बॅटरीत ओतायची, परत काढायची, यात दर टप्प्याला थोडी सांडते. म्हणून उगं बटन दाबून विजेवर फिरणं म्हणजे उधारीवर जेवणं झालं. तेव्हापासून ते बटन मी फक्त पहाटे चारला निघायचं असलं तर गल्ली जागी होऊ नये म्हणून दाबतो.

टँकरच्या पाण्यावर उन्हाळे काढलेल्या आमच्या माणसांना हे लवकर कळायला पाहिजे. तांब्या मोठा करता येत नाही, पण सांडू न देणं आपल्या हातात असतं.

अन् इथंच माझी एसटीची नोकरी कामाला आली. आमच्याकडं केपीटीएल विचारायचे, म्हणजे दहा लिटर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर पळाली. ज्याचा केपीटीएल चांगला, त्याचं एकच गुपित असायचं: पुढचं लांबून दिसतं. थांबा अर्धा किलोमीटर पुढं आहे, हात करणारी माणसं दिसलीत, तर आत्ताच पाय काढायचा. शेवटच्या क्षणी ब्रेकवर उभं राहायचं नाही. ही सवय या गाडीत नोटा छापते. ब्रेकचा पायडल हलका अन् लवकर दाबला तर आधी मोटर गाडी रोखते अन् वीज बॅटरीत जाते. कचकन दाबला तर लायनरच घासतात, मेहनत गरम होऊन हवेत जाते. पडद्यावर एक काटा आहे, तो 'चार्ज'च्या पट्ट्यात ठेवूनच गाडी थांबवायची असा मी नेमच केलाय. सर्व्हिसिंगला गाडी खाली घेतली तेव्हा पोरगं म्हणालं, "काका, पॅड तर नवेच दिसायलेत."

एक गोष्ट मात्र उलटी शिकावी लागली. मला वाटायचं, अगदी हळूहळू, रखडत वेग वाढवला की पेट्रोल वाचेल. नाही वाचत. या इंजिनची घडण अशी आहे की झडप उशिरा मिटते, अॅटकिन्सन पद्धत म्हणतात तिला. नेमक्या भारावर ते फार थोडं पितं, पण उगं रेंगाळत ठेवलं तर त्यालाही परवडत नाही. म्हणून साठ-सत्तरपर्यंत त्याला नीट काम करू द्यायचं, मग पाय पूर्ण उचलायचा अन् परत अगदी मुंगी मरणार नाही इतका हलका ठेवायचा. इंजिन गप होतं, गाडी विजेवर तरंगत जाते. वेग थोडा उतरला की परत इंजिन. बर्दापूर ते रेणापूर रिकाम्या रस्त्यावर हे करत गेलं की मजा येते, बाजूला बसलेल्या माणसाला कळतही नाही.

कळत नाही, हीच या गाडीची दुसरी बाजू. पाय माझा कामाला आला, पण कान फसले.

एकतीस वर्षं माझं गणित असं होतं: इंजिनचा आवाज आहे म्हणजे गाडी चालू, नाही म्हणजे बंद. या गाडीत ते गणित चूक आहे. पडद्यावर 'रेडी' असा हिरवा शब्द दिसतोय तोवर गाडी चालू, मग आवाज असो वा नसो. मागच्या मे महिन्यातली गोष्ट. पारा बेचाळीसवर. दुपारी लातूरहून आलो, गाडी पत्र्याच्या शेडमध्ये घातली. आठ वर्षांचा नातू म्हणाला, "आबा, मी एसीत बसून गाणी ऐकतो." इंजिनचा आवाज नव्हता. मला वाटलं, बॅटरीवर चाललंय, चालू दे. झळा येत होत्या म्हणून शटर कमरेपर्यंत खाली ओढलं अन् घरात जाऊन आडवा झालो. पंधरा-वीस मिनिटांत पाणी प्यायला उठलो तर शेडमधून घरघर ऐकू आली. एसीनं बॅटरी खाली आणली होती, अन् गाडीनं तिच्या नियमानं आपलं आपण इंजिन सुरू केलं होतं. अर्धवट मिटलेली शेड, आत लेकरू, अन् मागं सायलेन्सर. शटर वर केलं तेव्हा माझे हात थरथरत होते. नातू मजेत होता, उलट गाणं मध्येच बंद केलं म्हणून रुसला. पण इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला ना रंग ना वास, माणूस झोपल्यासारखा पडतो अन् उठत नाही. त्या दिवसापासून शेडमध्ये गाडी गेली की बटन दाबून पूर्ण बंद, 'रेडी' गेलेलं डोळ्यांनी बघायचं अन् किल्ली माझ्या खिशात. घरातल्या सगळ्यांना हे बजावून सांगितलंय.

तसंच चहाच्या टपरीवर. ब्रेकवर पाय, लिव्हर 'डी'त म्हणजे गाडी पुढं न्यायच्या खुणेवर, आवाज काही नाही, मी दार उघडून उतरायला निघालो. गाडीनं पीं पीं करून गाव गोळा केलं अन् मी परत बसलो. आता थांबलो की आधी 'पी' म्हणजे पार्किंग, मग हँडब्रेक, मग बटन. हा क्रम तोंडानं म्हणतो. शेजारी बसलेली ही म्हणते, "संध्या चालू झाली का तुमची?" हसू द्या तिला.

आपले कान फसतात तसे रस्त्यावरच्यांचेही फसतात. हळू चालताना गाडी बाहेरच्यांसाठी बारीक उंऽऽ असा आवाज काढते खरी, पण आठवडी बाजारात भोंगे अन् भाजीवाल्यांच्या आरोळ्यांपुढं तो कुणाला ऐकू येणार? एसटी येतेय हे माणसाला पाठीमागून कळतं, बैलालाही कळतं. या गाडीपुढं मात्र म्हाताऱ्या बाया पाटी डोक्यावर घेऊन निवांत चालत राहतात. त्यांची चूक नाही. मी पायी चालण्याच्या वेगानं चालवतो, लांबूनच हॉर्नला बोट लावतो, अन् रिव्हर्स घेताना कॅमेऱ्यावर भरवसा न ठेवता एकदा मान वळवतो.

घाटाचं आता सांगतो, कारण तिथं मी दोनदा चुकलो. आमच्याकडून बीडला जाताना केज, नेकनूर, मांजरसुंबा, अन् मग बालाघाटाचा उतार लागतो, कपिलधारच्या बाजूचा. नव्या लोकांची खोड असते, उतार दिसला की न्यूट्रल. एसटीत हे पाप होतं, कारण इंजिनचा रोध गेला की सगळा भार ब्रेकवर येतो. हायब्रीडमध्ये तर दुहेरी नुकसान आहे. 'एन'मध्ये टाकली की मोटर वीज गोळा करतच नाही. अगदी ट्रॅफिकमध्ये उभं असतानाही 'एन'मध्ये राहू नये, बॅटरी भरत नाही, एसी चालू असला तर उतरतच जाते. हे मी केलं नाही. मी केलं ते वेगळं: सगळा घाट 'डी'त ब्रेकवर उतरलो, बॅटरी भरली म्हणून खूश झालो. पोरानं हिशेब मांडला. तेराशे किलोची गाडी शंभर मीटर खाली उतरली तर कागदावर साधारण एक तृतीयांश युनिट वीज होते. गाडी बॅटरी पूर्ण रिकामीही होऊ देत नाही अन् पूर्ण भरूही देत नाही, आयुष्य टिकावं म्हणून मधल्या पट्ट्यातच वापरते. म्हणजे दोन-चार वळणांत तांब्या काठोकाठ. त्यानंतर मोटर रोधायची थांबते अन् सगळं लायनरवर येतं. त्यासाठीच 'बी' दिलाय. 'बी'त टाकलं की गाडी इंजिनच्या रोधावर उतरते. दुसऱ्या खेपेला 'बी'त टाकलं अन् इंजिन एकदम ओरडायला लागलं. मी घाबरून परत 'डी'त आणलं. चूक! ते ओरडणं म्हणजे पेट्रोल पिणं नव्हे. मोटर इंजिनला नुसतं फिरवून शक्ती जिरवत असते. डिझेल गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उतरवताना जे होतं तेच. आता 'बी'त आरामात उतरतो. सपाटीला लागलं की आठवणीनं परत 'डी', नाहीतर पाय उचलला की गाडी अडखळते अन् फायदा काहीच नाही.

उन्हाळ्याचं आणखी एक. बॅटरीला थंडावा लागतो अन् ती हवा गाडीच्या आतूनच ओढते, मागच्या सीटजवळ जाळी आहे. हिनं मागच्या सीटवर वाकळ अंथरली होती, ऊन लागू नये म्हणून, अन् वाकळीचं टोक नेमकं त्या जाळीवर. बॅटरी तापली की गाडी मोटर कमी वापरते. दोन टाक्यांचा अॅव्हरेज पडला तेव्हा मी टायरमधली हवा बघत बसलो होतो, दोष वाकळीत होता. ती काढली. आमच्या भागातली धूळ अन् कापसाचा बारीक तूस बघता सर्व्हिसिंगला त्या जाळीची सफाई मी सांगून करून घेतो. गाडी उन्हात उभी असली तर आधी काचा उघडून दोन मिनिटं चालवायची, कोंडलेली हवा गेली की एसी पंचवीसवर.

ऑगस्टात वीस दिवस पुण्याला राहून आलो तर गाडी मेलेली. मोठी बॅटरी नव्हे, साधी बारा व्होल्टची. हायब्रीडलाही ती असते अन् गाडीचा सगळा मेंदू तीच जागा करते. ती उतरली की मोठीत कितीही वीज असो, काही होत नाही. गल्लीतली चार पोरं धक्का मारायला धावली. धक्क्यानं ही गाडी सुरू होत नाही, स्टार्टरच वेगळा नाही, इंजिनला मोटरच फिरवते. दुसऱ्या गाडीवरून केबल जोडली, मिनिटात 'रेडी' आलं. मग शेजारी म्हणाला, "आता माझ्या ट्रॅक्टरलाही करंट द्या." त्याला मी हात जोडले. या बारीक बॅटरीकडून ट्रॅक्टर फिरवून घ्यायचा नसतो.

बॉनेट उघडलं की नारंगी रंगाच्या जाड वायरी दिसतात. त्यांना हात लावायचा नाही, गल्लीतल्या वायरमनलाही लावू द्यायचा नाही. वॉशिंग सेंटरवरचं पोरगं बॉनेट उघडून प्रेशरचा पाइप आत धरायला निघालं होतं, त्याला थांबवलं. अन् पुराच्या पाण्यात गाडी घालायची नाही. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला तो सगळ्यांनी पाहिलाय. केजच्या पुढं एका नळकांडी पुलावरून पाणी चाललं होतं, एक जीपवाला गेला, मागून मला हात करत होता. मी वळवली. गाडी ओढून न्यायची वेळ आली तरी पुढची चाकं उचलूनच, किंवा पूर्ण गाडी ट्रॉलीवर. पुढची चाकं जमिनीवर फिरली की मोटरही फिरते अन् वीज बनवत बसते.

आता वही. गावात अन् आसपास लिटरमागं २३ ते २४ किलोमीटर. लातूर रोडला माझ्या पद्धतीनं २५.१, सगळ्यात चांगली टाकी २६.४. समृद्धीवर मात्र हिचं सोनं पितळ होतं. जालन्याला चढून नागपूरला लग्नाला गेलो, पोरगा चालवत होता, १२० ला लावून. १७.६. येताना मी चालवली, ९५ वर. २२.३. तिथं ब्रेक लागत नाही म्हणजे वीज गोळा होत नाही, इंजिन एकसारखं चालू, अन् वेग दुप्पट केला की हवेचा रोध चौपट होतो. रोज समृद्धीवरच पळणाऱ्यानं हायब्रीडसाठी जादा पैसे मोजू नयेत, असं माझं मत.

जादा पैसे म्हणजे किती? आम्हाला मिळालेल्या कोटेशनात साध्या पेट्रोल मॉडेलपेक्षा साडेतीन लाख. सगळ्या वहीचा अॅव्हरेज २३.६ आला, साधी गाडी १५ देते असं धरलं अन् पेट्रोल १०५ रुपये, तर चौदा महिन्यांत ५६,००० वाचले. परभणीला टाकी भरली तर आणखी जास्त, तिथं मनमाडहून टँकर यायचा म्हणून पेट्रोल राज्यात सगळ्यात महागांपैकी. या चालीनं साडेतीन लाख वसूल व्हायला सात वर्षं. मोठ्या बॅटरीची हमी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, म्हणजे हिशेब जेमतेम जमतो. आमच्या वेळी या गाडीवर कर ४३ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० झाला. थोडं थांबलो असतो तर! पण दसरा कुणी थांबवलाय. छत्रपती संभाजीनगरला टोयोटाचा मोठा कारखाना येण्याचा करार २०२४ मध्येच झालाय, हायब्रीड अन् इलेक्ट्रिकसाठी. इथली पोरं तिथं लागली तर त्या पुस्तकाचं मराठी तरी होईल.

डिक्कीवर माझा राग आहेच. खाली बॅटरी असल्यानं गव्हाचं एक पोतं आडवं टाकलं की संपली. लेकीकडं दिवाळीला जाताना डबे, फराळ, साड्यांची पिशवी, सगळं मागच्या सीटवर अन् ही पुढं. चढावर माणसं भरून नेताना इंजिन किंचाळतं, तेही कानाला लागतं.

परवा माझ्या जुन्या गाडीवरचा वाहक भेटला. निवृत्तीचे पैसे आलेत, हीच गाडी घेऊ का म्हणाला. महिन्याला फिरणं किती? चारशे-पाचशे किलोमीटर. म्हणलं, गड्या, तुझा हिशेब नातवाच्या लग्नात फिटेल, सीएनजी घे. "बरं, एकदा बसव तरी." रेणापूरपर्यंत जाऊन आलो. जाताना तो सारखा विचारत होता, "बंद पडली का रे?" येताना काट्याकडं बघत स्वतःच सांगायला लागला, "पाय काढ, पाय काढ, पुढं ट्रॅक्टर हाय." बेल मारायची सवय गेली नाही त्याची. पुढच्या मंगळवारी आम्ही लातूरला जाणार तेव्हा तोही यायलाय, दवाखान्यात काम काही नाही म्हणतो.